बंदी बागेवर नको, नळीवर घाला

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : उन्हाळी पाणीटंचाईच्या आदेशातलं बागेचं कलम

सादर नमस्कार.

मार्च सरला की धरणसाठ्याचे आकडे रोज छापून यायला लागतात आणि पाठोपाठ शहरोशहरी आदेश निघतात: गाड्या धुऊ नका, अंगणात सडा मारू नका, बागेला पिण्याचं पाणी घालू नका. आदेश काढावेच लागतात, त्याबद्दल तक्रार नाही. आमचं म्हणणं आहे ते ‘बाग’ या एका शब्दाबद्दल. या शब्दात सोसायटीची हिरवळ येते, रस्त्याकडेचं दोन वर्षांचं कडुनिंबाचं झाड येतं आणि खिडकीतली तुळसही येते. तिघांची तहान सारखी नाही.

हिरवळीचा हिशेब सोपा आहे. ऐन उन्हाळ्यात देशावर हिरवळीतून दिवसाला ६ मिलिमीटरच्या आसपास पाणी उडून जातं. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. तेव्हा १०० चौरस मीटर हिरवळीला रोज ६०० लिटर. शहरात माणशी १३५ लिटर धरतात, म्हणजे हे चार माणसांच्या घराचं पाणी झालं, वर थोडं जास्तच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं, त्या पहिल्या गाडीत ५ लाख लिटर होतं. वीस एकर हिरवळ तेवढं एका दिवसात पिते. हिरवळीवर सरसकट बंदी घाला, आमचा पाठिंबा आहे. हरळी असेल तर ती पिवळी पडेल, पण मरणार नाही. जमिनीतल्या कांड्या जिवंत राहतात आणि पावसाच्या दोन-चार सरी झाल्या की फुटतात. गणपतीला वाहतो त्या दूर्वा याच. फक्त पिवळ्या हरळीवर त्या काळात लग्नाचे मांडव पडू देऊ नका, नाहीतर पावसानंतरही टक्कल राहतं.

झाडांचं उलट आहे. लावलेलं रोप पहिले दोन उन्हाळे जगलं तर पुढे स्वतःचं बघतं. त्या दोन उन्हाळ्यांत त्याला रोजची बादली नको असते. आठवड्यातून एकदा १५ ते २० लिटर, पण खोलवर मुरेल असं हवं. रोज दोन लिटर शिंपडलं तर वरची दोन-तीन इंच माती ओली होते, मुळं ओलाव्यामागे वर येतात आणि पाणी दोन दिवस चुकलं की झाड मान टाकतं. टँकरवाले मोठा पाइप बुंध्याशी धरून पूर्ण दाबाने सोडतात, तेही घातकच. माती वाहून जाते, मुळं उघडी पडतात आणि निम्मं पाणी गटारात जातं. आळं बुंध्यापासून हातभर लांब, फांद्यांच्या घेराखाली काढायचं. जमीन काळी असेल तर आधी भेगा बुजवायच्या, कारण भेगेत शिरलेलं पाणी मुळांना चुकवून थेट खाली जातं. ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ असं शेतकरी म्हणतात ते याचसाठी. शहरात कोळपं नाही, खुरपं तर आहे.

आता पालापाचोळा. फेब्रुवारी-मार्चमध्ये शहरातली झाडं पानं टाकतात, आणि तीच पानं झाडून ढीग करून पेटवली जातात. घनकचरा नियमांनी उघड्यावर जाळायला बंदी आहे, तरी. हा पाला त्याच झाडाच्या आळ्यात तीन-चार इंच जाडीने पसरला तर सगळ्यात स्वस्त पाणी तेच. बुंध्याभोवती चार बोटं मोकळी सोडायची, नाहीतर साल कुजते. आणि आच्छादन ओल्या मातीवर घालायचं. कोरड्या मातीवर घातलं तर नंतर दिलेलं थोडकं पाणी पालाच पिऊन टाकतो. म्हणून टंचाईचा आदेश निघाल्यावर आच्छादनाचं परिपत्रक काढून उपयोग नाही, ते फेब्रुवारीतच निघायला हवं. पाला कमी पडला तर रसवंतीवाल्यांकडे चिपाडांचे ढीग असतात. तीन-चार दिवस उन्हात खडखडीत वाळवूनच वापरावीत, ताज्या चिपाडांना मुंग्या लागतात. ती मातीत मात्र मिसळू नयेत, कुजताना मातीतलं नत्र खातात आणि झाड पिवळं पडतं.

गच्चीवरच्या कुंड्यांना थोडं पाणी पुरतं. १२ इंची कुंडीला मे महिन्यात दिवसाला एक ते दीड लिटर. वाया जातं ते नळीमुळे: अर्ध्या इंची नळीतून मिनिटाला १५ लिटरच्या आसपास पाणी येतं, म्हणजे वीस मिनिटांत ३०० लिटर. पन्नास कुंड्यांना झारीने ७० लिटरमध्ये भागतं. ठिबक बसवलं, तर ताशी २ लिटरचा ड्रीपर (थेंब थेंब पाणी सोडणारी तोटी) अर्ध्या तासात कुंडीला बरोबर एक लिटर देतो. शंकराच्या पिंडीवरची गळती वेगळं काय करते?

पण ठिबक बसवा म्हणून सांगितलं की काम झालं, असं नाही. दहा मीटर उंचीवरच्या टाकीने चौरस सेंटीमीटरला एक किलोचा दाब मिळतो. गच्चीवरची टाकी कुंड्यांपेक्षा जेमतेम दोन मीटर उंच, म्हणजे दाब ०.२ किलो. बाजारात सर्रास मिळणारे दाब-नियंत्रित ड्रीपर अर्धा ते एक किलो दाबाशिवाय नीट चालत नाहीत. लोक ते आणतात, पहिल्या चार कुंड्यांना पाणी मिळतं, शेवटच्या कोरड्या राहतात, आणि महिन्याभरात सगळं अडगळीत. गच्चीसाठी साध्या मायक्रोट्यूब (बारीक नळ्या) किंवा कमी दाबावर चालणारे ड्रीपर घ्यावेत. टाकीच्या तोंडाशी जाळीचा फिल्टर हवाच. नळी काळीच हवी, पारदर्शक नळीत शेवाळ धरतं. शेवटचं बूच आठवड्यातून एकदा उघडून नळी धुऊन काढायची. बोअरचं पाणी असेल तर क्षारांनी ड्रीपर तुंबतात. रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले की बरेचसे सुटतात.

ज्यांना हे जमणार नाही त्यांना मडकं पुरेसं आहे. न रंगवलेलं, न झिलई केलेलं पाच लिटरचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, भरायचं, वर झाकण ठेवायचं. झाकण डासांसाठी. भोवतीची वीतभर-दीड वीत माती ओलसर राहते. रंग दिलेलं मडकं पाझरत नाही, आणि जड पाण्याने वर्ष-दीड वर्षात छिद्रं बुजतात, तेव्हा ते बदलावं लागतं.

प्रक्रिया केलेलं सांडपाणी बागांना द्या, असं आदेशात लिहिलेलं असतं. ते योग्यच, पण टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा, आकडा टँकरवर लिहिणं बंधनकारक करा. लिटरला ४५० मिलिग्रॅमपर्यंत काळजी नाही, २००० च्या पुढे ते पाणी झाडांना नको, मधलं असेल तर निचरा पाहून साध्या पाण्याशी आलटूनपालटून. घरच्या आरओचं फेकलं जाणारं पाणीही याच हिशेबाने वापरावं. कुंडीच्या काठावर पांढरी पुटं दिसली की थांबावं आणि एकदा साध्या पाण्याने खालून वाहेल इतकं भिजवावं. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी बिनघोर. कपड्यांचं दुसऱ्या खळबळीचं पाणी शोभेच्या झाडांना चालतं, पालेभाजीला नाही.

तेव्हा विनंती अशी की राज्याने महापालिका आणि नगरपालिकांसाठी टंचाईच्या आदेशाचा एक नमुना द्यावा. त्यात हिरवळ आणि उघड्या नळीला पूर्ण बंदी असावी. झारी, ठिबक आणि मडक्याला सकाळी सातच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर मुभा असावी, आणि तीन वर्षांखालच्या झाडांचं पाणी आठवड्याला मोजून वेगळं काढलेलं असावं. आणखी एक. ५ जूनला, पर्यावरण दिनी, फोटोपुरती रोपं लावण्याचा कार्यक्रम पाऊस खरोखर पडेपर्यंत पुढे ढकलता आला तर जून कोरडा जाईल त्या वर्षी बरेच टँकर वाचतील.

कळावे,
आपले,
गच्ची आणि परसातल्या बागा सांभाळणारे काही नागरिक