निदान आणि शस्त्रक्रिया यांमधल्या काळासाठी आभार

आदरणीय ताई,
सविनय नमस्कार.

माझी स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचे रेडिएशन पूर्ण झाले असून प्रकृती चांगली आहे. बायोप्सीचा अहवाल हाती येताच, काहीही न विचारता, संपूर्ण स्तन काढण्याच्या संमतीपत्रावर सही करून मोकळे व्हावे अशा मनःस्थितीत मी होते. आपण मला थांबवले नाही. निदान आणि शस्त्रक्रिया यांच्यामध्ये विचाराला मिळणारा वेळ रुग्णांनी झगडून मिळवला आहे, एवढेच सांगितले आणि तो कसा मिळाला हे पुढच्या भेटीत समजावले. त्याबद्दल हे जाहीर आभार.

स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतील लसीका ग्रंथी एकत्रच काढण्याची अमेरिकन शल्यचिकित्सक विल्यम हॅलस्टेड यांची पद्धत 1894 मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढे कित्येक दशके तीच प्रमाण मानली गेली. हॅलस्टेड यांना खलनायक ठरवणे सोपे होते, पण आपण तसे केले नाही, हे मला विशेष भावले. त्यांच्याकडे येणाऱ्या स्त्रियांच्या गाठी बहुधा मोठ्या असत आणि त्या शस्त्रक्रियेने छातीवर रोग उलटण्याचे प्रमाण घटले होते. मात्र त्याहून कमी कापून भागेल का, हे नीट तपासण्यास फार उशीर झाला. भूल दिलेली असतानाच गाठ तपासून लगेच स्तन काढत असल्याने, जाग आल्यावर तो असेल की नाही हे अनेक स्त्रियांना ठाऊकही नसे.

1974 मध्ये अमेरिकन पत्रकार रोझ कुश्नर यांनी स्वतःच्या गाठीसाठी केवळ बायोप्सी करून थांबणारा शल्यचिकित्सक शोधण्याचा हट्ट धरला. 1979 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने नेमलेल्या तज्ज्ञ मंडळावर त्या रुग्णांच्या बाजूने बसल्या होत्या, आणि निदान व शस्त्रक्रिया या दोन स्वतंत्र पायऱ्या असाव्यात अशी शिफारस त्या मंडळाने केली. माझ्या वाट्याला आलेला वेळ तिथून आला.

दुसरे ऋण अमेरिकन शल्यचिकित्सक बर्नार्ड फिशर यांच्या चाचणीत सहभागी झालेल्या 1,800हून अधिक स्त्रियांचे आहे. आपल्यावर कोणती शस्त्रक्रिया व्हावी हे चिठ्ठीसारख्या पद्धतीने ठरू देणे सोपे नसावे. मला ते जमले असते असे वाटत नाही. केवळ गाठ काढलेल्या आणि संपूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांच्या आयुर्मानात वीस वर्षांनंतरही फरक आढळला नाही, हे 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. इटलीतील मिलानमध्ये शल्यचिकित्सक उंबेर्तो वेरोनेसी यांच्या चाचणीचा निष्कर्षही तसाच होता. फिशर यांच्या चाचणीतील दुसरा आकडा आपण मुद्दाम दोनदा सांगितलात: गाठ काढल्यावर रेडिएशन न घेतलेल्या सुमारे 39 टक्के स्त्रियांमध्ये त्याच स्तनात रोग परतला, तर ते घेतलेल्यांमध्ये 14 टक्क्यांत. थकव्याने उपचार अर्धवट सोडावेसे वाटले, तेव्हा मला हाच आकडा आठवला.

माझी गाठ लहान असल्याने स्तन वाचवणे शक्य होते. प्रत्येकीला ते शक्य नसते आणि शक्य असूनही कुणी संपूर्ण स्तन काढण्याचा निर्णय घेतला, तर तोही तितकाच विचारपूर्वक असू शकतो, हे आपण आवर्जून सांगितलेत. आपण लिहून दिलेल्या प्रश्नांची उत्तरे डॉक्टरांनी शांतपणे दिली, म्हणून त्यांचेही आभार. तो कागद आता माझ्या धाकट्या जावेने मागून घेतला आहे. तिची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे.

आपली कृतज्ञ,
एक रुग्ण