सर्व्हर ‘चालू’ होता, पण गूगलबॉट २४ दिवस बाहेरच होता: तक्रार पत्र

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

दिनांक: १२ मे २०२५

विषय: न कळवता लावलेल्या नेटवर्क फिल्टरमुळे झालेले नुकसान आणि सपोर्टने दिलेली चुकीची उत्तरे

महोदय,

मी रत्नागिरीत राहते. वेबसाइट सांभाळणं आणि एसईओ (साइट गूगलच्या शोधात वर आणणं) हे काम एकटी करते. माझ्याकडच्या नऊ साइट्स गेली दोन वर्षं आपल्या एकाच व्हीपीएसवर (भाड्याने घेतलेल्या स्वतंत्र आभासी सर्व्हरवर) आहेत. त्यातल्या सहा हापूसच्या बागायतदारांच्या आहेत.

शेअर्ड होस्टिंग (अनेकांचा मिळून एक सर्व्हर) सोडून मी व्हीपीएस घेतला तो वेगासाठी कमी आणि लॉगसाठी (साइटवर येणाऱ्या प्रत्येक मागणीच्या नोंदींसाठी) जास्त. कुठला बॉट (सर्च इंजिनसाठी पानं वाचत फिरणारा प्रोग्राम, जसा गूगलचा गूगलबॉट) कधी आला, कोणतं पान मागितलं, त्याला २०० (पान मिळालं) मिळाला की ४०४ (पान सापडलं नाही), हे कच्च्या ॲक्सेस लॉगमध्ये दिसतं तसं कुठल्याही पॅनेलवर दिसत नाही. शिवाय रूट ॲक्सेस (सर्व्हरवरचे पूर्ण अधिकार) हातात असला की रिडायरेक्ट असो, कॅशिंग असो की रात्री दोनला चालणारा माझा क्रॉलर (साइटची पानं आपोआप तपासणारा प्रोग्राम), कुणाला विचारावं लागत नाही. आपल्यालाही विचारावं लागत नाही, असा माझा समज होता.

४ एप्रिलला देवगडच्या एका बागायतदारांचा फोन आला. म्हणाले, “ताई, मागच्या वर्षी या दिवसांत जेवायला फुरसत नव्हती. यंदा फोन वाजतच नाही हो.” साइट उघडून पाहिली तर झटकन उघडली. सर्च कन्सोलमध्ये (साइट गूगलला कशी दिसते ते दाखवणाऱ्या गूगलच्या साधनात) मात्र क्लिक घसरलेले, आणि क्रॉल स्टॅट्समध्ये (गूगलबॉटच्या फेऱ्यांच्या आकडेवारीत) ‘सर्व्हर कनेक्टिव्हिटी’समोर लाल खूण. रोबोट्स डॉट टीएक्सटी (बॉटने कुठली पानं वाचावीत हे सांगणारी फाइल) आणण्याचे प्रयत्नसुद्धा फसत होते. गूगलला पान तिथल्या तिथे मागवायला लावणारी लाइव्ह टेस्ट लावली, तीही फसली. मग लॉग उघडला. २७ मार्चनंतर त्यात ६६.२४९ ने, म्हणजे गूगलबॉटच्या आयपी पत्त्याने, सुरू होणारी एकही ओळ नव्हती. गूगलबॉटला नकार दिल्याची नोंद नाही, चुकीच्या पानाची नाही, काहीच नाही. बिंगचा बॉट मात्र रोज येऊन जात होता.

त्याच दिवशी आपल्या सपोर्टकडे तिकीट (तक्रार) टाकलं. उत्तर आलं: “आपला सर्व्हर अप आहे, पिंग व्यवस्थित आहे.” (पिंग म्हणजे सर्व्हर हाकेला ओ देतो का, एवढीच चाचणी.) दुसरं उत्तर: “आपली रोबोट्स फाइल तपासा.” जी फाइल गूगलपर्यंत पोचतच नाही, तिच्यात काय लिहिलंय याने काय फरक पडणार? तिसऱ्या उत्तरात आपल्या प्रतिनिधीने कर्लमध्ये (कमांड देऊन पान मागवणाऱ्या साधनात) गूगलबॉटचा युजर एजंट (पान मागणाऱ्याने स्वतःच सांगितलेली ओळख) घालून माझी साइट मागवली आणि “२०० मिळतोय” म्हणून तिकीट बंद केलं. युजर एजंट कुणीही काहीही लिहू शकतं. माझा भाचाही स्वतःला गूगलबॉट म्हणवून घेऊ शकतो. अडवणूक आयपीवर असेल तर ही चाचणी काय कामाची, हे होस्टिंग विकणाऱ्यांना मी समजावून सांगावं? तिकीट पुन्हा उघडलं तेव्हा सल्ला मिळाला की मेमरी कमी पडत असेल, मोठा प्लॅन घ्या. हंगाम हातचा चालला होता, म्हणून ९ एप्रिलला ४ जीबीवरून ८ जीबीवर गेले. फरक शून्य. तोवर मी फेल-टू-बॅन (संशयित आयपी अडवणारा प्रोग्राम) बंद केलं होतं, फायरवॉलचे नियम एकेक करून उतरवले होते आणि एनजिनएक्स (पानं पाठवणारा वेब सर्व्हर प्रोग्राम) दोनदा नव्याने बसवलं होतं. सगळं बिनकामाचं, कारण दोष माझ्या सर्व्हरच्या आत नव्हताच.

१९ एप्रिलला आपल्या वरच्या फळीतल्या एका अभियंत्याने दोन ओळींत खरं सांगितलं. २७ मार्चला आपण डीडॉस (एकाच वेळी असंख्य मागण्यांचा मारा करून सर्व्हर बंद पाडणारा हल्ला) संरक्षणाचा नवा नियम लावला होता आणि त्यात गूगलबॉटचा आयपी पट्टा सापडला होता. त्या दुपारीच लॉगमध्ये ६६.२४९ परत दिसला. त्यांचे आभार. पण पंधरा दिवस हे मला कुणी का सांगितलं नाही?

हल्ले होतात, नियम लावावे लागतात, हे मला कळतं. गूगलबॉटच्या नावाने फिरणारे तोतयेही भरपूर आहेत. पण खरा गूगलबॉट ओळखणं अवघड नाही. आयपीवरून रिव्हर्स डीएनएस (त्या आयपीचं नोंदलेलं नाव) पाहायचा, नाव गूगलबॉट डॉट कॉमने संपतं का बघायचं आणि त्या नावावरून परत तोच आयपी येतो का तपासायचा. गूगल आपल्या बॉटच्या आयपींची यादीही जाहीर करतं. घराची किल्ली आपण मला दिलीत, पण गल्लीच्या तोंडाशी पहारेकरी बसवलात आणि तो कुणाला परत पाठवतोय हे मला सांगितलं नाहीत.

अशा वेळी गूगल आधी फेऱ्या कमी करतं आणि पोचताच येत नसलेली पानं हळूहळू इंडेक्समधून काढतं. अडथळा गेला म्हणून ती दुसऱ्या दिवशी परत येत नाहीत. माझ्या काही पानांचा पत्ता आजही नाही. यंदा अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला होती. अढीत घातलेला आंबा गूगलच्या फेरीसाठी थांबत नाही. ज्या पेट्या थेट मुंबई-पुण्याच्या घरांत जायच्या, त्या वाशीच्या दलालाकडे गेल्या, आणि उरलेला माल आता कॅनिंगला किलोच्या भावाने चाललाय. माझ्यावर विश्वास टाकून साइट काढणाऱ्या माणसांना मी काय सांगू? सर्व्हर अप होता?

आपण ९९.९ टक्के अपटाइमची हमी देता. म्हणजे तीस दिवसांच्या महिन्यात जेमतेम ४३ मिनिटं बंद. ती आपण पिंगवर मोजता, आणि त्या हिशोबाने हे २४ दिवस आपल्या कागदावर १०० टक्केच दिसतील.

मला हवंय ते असं. आपल्याच सल्ल्याने घेतलेल्या मोठ्या प्लॅनचा फरक जीएसटीसकट परत करावा आणि २७ मार्च ते १९ एप्रिलचं भाडं माफ करावं. फिल्टर कधी लावला, कधी काढला आणि त्यात काय अडकलं होतं, हे कंपनीच्या लेटरहेडवर द्यावं. ते पत्र मला सहा बागायतदारांना दाखवायचं आहे, त्यामुळे पैशांपेक्षा त्याची घाई जास्त आहे. आणि यापुढे असा नियम लावण्याआधी ग्राहकांना मेल करावा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे, म्हणजे १९१५ वर, आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. “हा व्यावसायिक वापर आहे” असं उत्तर पाठवण्याआधी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधली ग्राहकाची व्याख्या वाचावी. केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी विकत घेऊन स्वतः वापरलेली वस्तू त्यात व्यावसायिक धरलेली नाही, आणि सेवेलाही तोच न्याय लागावा असं माझं म्हणणं आहे.

लॉग, क्रॉल स्टॅट्सचे स्क्रीनशॉट आणि सगळा तिकीट-व्यवहार सोबत जोडला आहे. बागायतदारांच्या साइट्स मी गेल्या आठवड्यात दुसरीकडे हलवल्या. उरलेल्या तीन अजून आपल्याकडेच आहेत.

आपली ग्राहक,
रत्नागिरी