साडेदहाला गॅस बंद

ती. आई आणि ती. बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलताना मागे मिक्सर चालू असतो, त्यामुळे निम्मं ऐकू जात नाही. म्हणून हे लिहूनच पाठवतेय. भाकरी-चटणीचं काम बंद करा असं मी म्हणणार नाही. म्हटलं तरी आई ऐकणार नाही, आणि ऐकूही नये. पण कामाचा क्रम बदलायला हवा. काम उरकलं की बसू, असं तुमचं चालतं आणि काम काही उरकत नाही. आता आधी बसायच्या वेळा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, मग उरलेल्या वेळात काम बसवा. कारखान्यांच्या १९४८ च्या कायद्यात कामगाराला निदान अर्ध्या तासाच्या सुट्टीशिवाय सलग पाच तासांहून जास्त राबवता येत नसे. सोलापूरसारख्या गिरण्यांच्या गावात बाबांना हे मी काय सांगायचं! घरच्या धंद्याला तो कायदा लागत नव्हता, एवढाच फरक.

पहिली गोष्ट साठ्याची. आई, कडक भाकरी आठवडेच्या आठवडे टिकते, हाच तर तिचा गुण. आणि तू ती मऊ भाकरीसारखी ऑर्डर आली की करायला बसतेस. "पाहुणे निघालेत, वीस तरी दे" असा दुपारी बारा वाजता फोन आला, की त्या वीस डब्यातून निघाल्या पाहिजेत, तव्यावरून नव्हे. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात कायम चाळीस भाकरी शिलकीत ठेव. वीसच्या खाली गेल्या की पुढच्या भाकरीच्या दिवशी सकाळी भर. भाकरी पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात रचायची नाही. आतल्या वाफेने ती मऊ पडते आणि मग बुरशी धरते. पावसाळ्यात दमट झालीच, तर मंद तव्यावर पुन्हा शेकून दे.

आता भाकरीची सकाळ. सोमवार, बुधवार, शुक्रवार फक्त भाकरी. आदल्या रात्री बाबांनी पाऊण-पाऊण किलो पिठाचे तीन डबे भरून ठेवायचे. एका डब्यात साधारण बारा भाकरी होतात. सहाला सुरुवात. एक डबा संपला की गॅस बंद आणि दहा मिनिटं खुर्चीत, पाय स्टुलावर. त्या दहा मिनिटांत लसूण सोलायचा नाही! बोटं तीच, मनगट तेच, मग विसावा कुणाला मिळाला? तीन डबे नऊच्या आत होतात. काही अडलं तरी साडेदहाला गॅस बंद म्हणजे बंद. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीसच्या पुढे जातो, त्यात तव्याची धग वेगळी. वय झालं की तहान उशिरा लागते. म्हणून तहानेची वाट न बघता प्रत्येक डब्यामागे एक तांब्या पाणी.

सगळं पीठ एकदम भिजवून ठेवायचा मोह होईल. तेवढं करू नकोस. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो. उकळत्या पाण्याने जी विरी, म्हणजे चिवटपणा, येते ती पीठ गार होत गेलं की कमी होते आणि भाकरी कडेला फाटायला लागते. फाटलेली सांधण्यातच सगळा वेळ आणि खांदा जातो. तीन-चार भाकऱ्यांपुरतंच मळायचं. पीठही आठवड्यापुरतंच दळून आणा. मालदांडी ज्वारी कितीही चांगली असली तरी जुन्या पिठाची विरी जाते. एका तव्याऐवजी दोन घे. मोठ्या आचेच्या तव्यावर भाकरी भाजायची, मंद आचेच्या तव्यावर फडक्याने दाबत कडक करायची. वेळ खरा कडक होण्यातच जातो, आणि तोवर पहिला तवा मोकळा असतो.

जमिनीवर बसून थापणं मात्र आता थांबव. फ्रँक गिलब्रेथ नावाच्या अमेरिकन माणसाने गवंडीकाम बारकाईने पाहिलं होतं. गवंडी प्रत्येक विटेसाठी पायाशी वाकत होता. त्याने विटा आणि चुना हाताच्या उंचीवर आणून ठेवायची सोय केली. एका विटेमागच्या अठरा हालचाली पाचवर आल्या, आणि तासाला १२० विटा लागायच्या तिथे ३५० लागू लागल्या. ही नोंद १९११ ची आहे. तुझं पीठ एका बाजूला, पाणी मागे, उलथनं पलीकडे. प्रत्येक भाकरीला तू दोनदा वळतेस, एकदा वाकतेस. पीठ डावीकडे, परात समोर, तवा उजवीकडे, सगळं हात लांब न करता मिळेल असं मांड. परात कोपराच्या चार ते सहा इंच खाली हवी, म्हणजे थापताना जोर अंगाचा लागतो, एकट्या खांद्याचा नाही. तुझ्या उंचीला आपला ओटा बरोबर आहे. पण शेगडी ओट्यावर ठेवली की तवा आणखी वर जातो आणि खांदा उचलून भाकरी उलटावी लागते. शेगडीला २८ इंचांचं वेगळं लोखंडी स्टँड करून घ्या, म्हणजे तवा आणि परात एका पातळीवर येतील. शेगडी सिलिंडरपेक्षा उंच असायला हवी, तो नियमही पाळला जाईल. सध्या ती खाली आहे, हे मला मुळीच आवडत नाही. पायाखाली पाट ठेव. एक पाय पाटावर, एक जमिनीवर, दर भाकरीला बदल. कंबर धरत नाही. आणि रात्री बोटांना मुंग्या येत असतील तर बाम चोळून गप्प बसू नकोस, डॉक्टरांना दाखव.

चटणी मंगळवारी आणि शनिवारी, भाकरीच्या दिवशी कधीच नाही. दोन्ही एकत्र केलं की मध्ये धुणं-पुसणंच तासभर खातं. कढईत एका वेळी एकच किलो शेंगदाणे, मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. दोन किलो घातले तर तळाचे करपतात, वरचे कच्चे राहतात. दाणे पूर्ण गार झाल्यावर फडक्यात चोळायचे आणि बाबांनी गॅलरीत पाखडायचे. गरम दाणे मिक्सरमध्ये गेले की तेल सुटून लगदा होतो. किलोला शंभर ग्रॅम लसूण लागतो. तो पाण्यात भिजवला तर सोलायला सोपा, पण ओल चटणीत उतरते आणि ती लवकर बिघडते. त्यापेक्षा पाकळ्यांना तेलाचा हात लावून अर्धा तास उन्हात ठेव, सालं चोळूनच निघतात. उखळाची चव मिक्सरला नाही, मान्य. म्हणून शेवटचे दोन-तीन मिनिटं कांडप उखळात, बाकीचं मिक्सरमध्ये थांबून-थांबून. बाबा, मिक्सरचं माहितीपत्रक काढून बघा. घरगुती मिक्सरला बहुधा पाच मिनिटं चालवा, दोन मिनिटं थांबवा असं सांगितलेलं असतं. मोटर तापून बंद पडली की तळाचं लाल बटण दाबायच्या आधी तिला गार होऊ द्या. यंत्राला विसावा छापून येतो, आईला तो तुम्हीच द्यायचा आहे.

बाबा, तुमच्या फेऱ्या. एक दिवस जुळे सोलापूर, सैफुल, विजापूर रोड. दुसऱ्या दिवशी साखर पेठ, अशोक चौक, अक्कलकोट रोड. दोन्ही भाग एका दिवसात नकोत. स्कूटर सकाळी अकराच्या आत घरी, नाहीतर संध्याकाळी सहानंतर. ऑर्डर घ्यायचा फोन पाच ते सहा. व्हॉट्सॲपच्या स्टेटसला तसं लिहून टाका. चार-दोन जण कुरकुरतील, चालेल. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत आणि दिवाळीत मात्र महिनाभर आधी आकडा ठरवा आणि तो भरला की नाही म्हणा. आईला नाही म्हणता येत नाही, तेव्हा फोन तुम्हीच घ्या.

नळाला पाणी येणार त्या दिवशी ना भाकरी, ना चटणी. भरलेली मोठी बादली वीस किलोची होते. ती उचलण्यापेक्षा नळाला पाइप जोडून पिंपं भरा.

दुपारी जेवणानंतर दोघांनीही आडवं व्हायचं. गजर पंचवीस मिनिटांचा. तासभर झोपलं की गाढ झोपेतून उठावं लागतं, डोकं जड होतं आणि रात्री डोळा लागत नाही. तीननंतर झोप नको. बाबा, टीव्हीसमोर डुलकी काढणं यात धरत नाही. उन्हातून आल्यावर ताक घ्या, पण मीठ नाममात्र, तुमचं बीपी आहे. कुणाला चक्कर, मळमळ वाटली तर काम टाकून पंख्याखाली, अंगाला ओलं फडकं. बोलण्यात गोंधळ वाटला तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ दवाखाना.

स्टँड करायला टाकण्याआधी आई चपला घालून सरळ उभी असताना कोपरापर्यंतची उंची टेपने मोजा आणि मला कळवा. वेल्डरला पायांना रबरी बूच लावायला सांगा, नाहीतर ते फरशीवर सरकेल.

तुमची,
मनू