ह. मो. झोळंब्याचे!

महोदय,
२ ऑक्टोबरला लेखक-पत्रकार ह. मो. मराठे यांचा स्मृतिदिन. २०१७ साली त्यांचं पुण्यात निधन झालं, म्हणून त्यांना पुण्याचेच समजणारे बरेच. जन्म मात्र आमच्या सिंधुदुर्गातल्या झोळंब्याचा, १९४०चा. त्यांचं आत्मकथन 'बालकांड' वाचताना आजही घशात आवंढा येतो. पोरकं, दुसऱ्यांच्या दारात वाढणारं पोर त्यांनी कुठेही गोंजारलेलं नाही.

'निष्पर्ण वृक्षावर भर दुपारी' ही कादंबरी १९६९मध्ये 'साधना' साप्ताहिकात आली आणि नाव झालं. पुढे 'किर्लोस्कर', 'लोकप्रभा' अशी मासिक-साप्ताहिकातली नोकरी. माझ्या मते त्यांचं खरं कसब 'एक माणूस एक दिवस'मध्ये दिसतं. नामवंताबरोबर अख्खा दिवस काढायचा, त्याचं वागणं-बोलणं टिपायचं. हल्ली फोनवर चार प्रश्न विचारले की झाली मुलाखत! चिपळूणच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाची निवडणूक ते हरले, प्रचारपत्रकावरून वादही ओढवून घेतला. तो मजकूर मलाही पटला नव्हता. पण म्हणून लेखक मोडीत काढायचा का?

आमच्या भागातल्या एका वाचनालयात 'बालकांड' मागितलं, तर कपाटात पानं एकमेकांना चिकटलेली, पावसाळ्यात बुरशी धरलेली एकच प्रत निघाली. मुखपृष्ठ गायब. जिल्ह्यातल्या वाचनालयांनी यंदाच्या ग्रंथखरेदीत त्यांची पुस्तकं नव्याने घ्यावीत. झोळंब्याच्या वाटेवर त्यांच्या नावाची साधी पाटी लावायलाही फार खर्च येणार नाही.

– एक वाचक, बांदा (सिंधुदुर्ग)