आधी दगडांचा डेटा उघडा, माणसांचा नंतर

माननीय माहिती तंत्रज्ञान मंत्री यांस,

सप्रेम नमस्कार.

खासगी कंपन्यांनी आपला डेटा सर्वांसाठी खुला करावा, असं धोरण आखताना त्या डेटाचे आधी दोन ढीग करा, एवढं सांगायला हे पत्र. एका ढिगात दगड, रेणू, यंत्रं. दुसऱ्यात माणसं.

पहिल्या ढिगाबद्दल कचरायचं कारण नाही. कॅनडातल्या गोल्डकॉर्प या खाणकंपनीने २००० साली आपल्या रेड लेक खाणीची भूगर्भीय माहिती इंटरनेटवर टाकली आणि सोनं कुठे सापडेल हे सांगणाऱ्यांसाठी ५,७५,००० डॉलरची बक्षिसं लावली. खाणधंद्यात हे म्हणजे तिजोरीचा नकाशा चव्हाट्यावर मांडणं! पण कंपनीच्या माणसांना न दिसलेल्या जागा परक्यांनी दाखवल्या आणि तिथे सोनं निघालंही. २०१० मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने मलेरियाच्या परजीवीला रोखू शकणाऱ्या सुमारे साडेतेरा हजार रेणूंची रचना खुली केली. मलेरिया हा औषधकंपन्यांना फारसा नफा न देणारा आजार. कपाटात पडून राहिले असते ते रेणू संशोधकांच्या हाती आले. स्पर्धकाला फुकटात मिळतं, हा तोटा खराच. पण तो कंपनीचा, आणि तो पत्करायचा की नाही हे तीच ठरवते.

दुसऱ्या ढिगात तोटा सोसणारा वेगळाच असतो. ऑगस्ट २००६ मध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने संशोधकांच्या सोयीसाठी साडेसहा लाख ग्राहकांनी इंटरनेटवर घेतलेले सुमारे दोन कोटी शोध खुले केले. नावं काढून प्रत्येकाला एक क्रमांक दिला होता. त्यातल्या ४४१७७४९ क्रमांकाच्या व्यक्तीने काय शोधलं होतं? बोटांना येणारा बधिरपणा, कुठेही मुतणारा कुत्रा, आपल्या गावातले बागकाम करणारे. तेवढ्यावरून न्यूयॉर्क टाइम्सचे बातमीदार एका वृद्ध बाईंच्या दारात जाऊन उभे राहिले. एओएलने फाइल काढून टाकली, पण तोवर तिच्या प्रती सगळीकडे पोचल्या होत्या.

मी पोटासाठी असेच तक्ते साफ करतो. नावाचा रकाना उडवायला एक कळ पुरते. जन्मतारीख, राहण्याचा भाग, वेळेची नोंद हे रकाने मात्र जागच्या जागी राहतात, कारण ते काढले तर डेटाचा उपयोगच उरत नाही. ‘नावं काढली आहेत’ असं कंपनीने लिहून दिलं म्हणून आपल्या खात्याने समाधान मानू नये. नुसती बेरीजही बोलते. धावण्याची नोंद ठेवणाऱ्या स्ट्रावा या ॲपने धावणाऱ्यांच्या वाटांचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला, तर २०१८ च्या जानेवारीत त्यात लष्करी तळ उजळलेले दिसले.

गंमत अशी की, कंपन्या नेमकं उलट वागतात. यंत्र कुठे बिघडतं हे व्यापारी गुपित, आणि ग्राहक रात्री कुठे असतो हे विकाऊ.

म्हणून धोरणात दोन कलमं घालावीत. माणसांचा डेटा खुला करण्याआधी बाहेरच्या जाणकारांना तो फोडून पाहायला द्यावा, त्याचा खर्च कंपनीने करावा आणि नंतर कुणी ओळखलं गेलंच तर भरपाईही तिनेच द्यावी. दुसरं, एकदा उघडलेला दगडांचा डेटा मुदतीची सूचना दिल्याशिवाय बंद करता येऊ नये. त्यावर इतरांची कामं उभी राहिलेली असतात.

या दोन कलमांवर आपल्या खात्याचं म्हणणं काय, ते लेखी कळवावं.

आपला,
डेटावर पोट भरणारा एक नागरिक