परक्या गावातला चांगला पब कसा ओळखावा?

महोदय,

लेस्टर, शेफील्ड, बर्मिंगहॅम अशा शहरांत शिकणाऱ्या मुलांकडे सुट्टीत जाणारी बरीच मराठी कुटुंबे मुंबईत आहेत. मात्र आपल्या पर्यटन पुरवणीतील इंग्लंडविषयक लेखांत पबचा उल्लेख बहुधा एखाद्या जुन्या इमारतीच्या छायाचित्रापुरताच असतो. इमारत जुनी म्हणजे आतली बिअर चांगली, असे मुळीच नसते. ‘रिअल एल’ ही तिथली पारंपरिक बिअर चाखण्याच्या इच्छेने जाणाऱ्याची अशा माहितीमुळे निराशाच होण्याचा संभव अधिक, म्हणून हे पत्र.

रिअल एल पिंपातच दुसऱ्यांदा आंबते. तिच्यातले यीस्ट जिवंत असते, ती ओतण्यासाठी बाहेरून वायू सोडला जात नाही आणि तळघरात ती साधारण ११ ते १३ अंश सेल्सिअस तापमानाला ठेवली जाते. परमिट रूममधल्या बर्फगार बाटलीची सवय असलेल्या मुंबईकराला पहिला घोट कोमट वाटेल, पण माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) आणि हॉप्सची (बिअरला कडवटपणा देणारी फुले) चव खुलते ती याच तापमानाला. पिंप उघडले की आत हवा शिरते आणि तीनेक दिवसांत चव उतरू लागते. खरी मेख इथे आहे. ओस पडलेल्या पबमध्ये पिंपातली बिअर वर ओढणारे दहा हातपंप दिमाखात उभे असण्यापेक्षा तीनच पंपांचा पण गजबजलेला पब केव्हाही बरा, कारण तिथले पिंप वेळेत रिकामे होते.

नवख्या माणसाला हे बाहेरून कळणे कठीण असते. तिथे ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’ म्हणजेच ‘कॅमरा’ या संघटनेचे काम मोलाचे ठरते. वायू भरलेल्या केग बिअरमुळे पिंपातली बिअर मागे पडू लागली, तेव्हा १९७१ मध्ये चार मित्रांनी ही ग्राहक चळवळ उभी केली. तिच्या वार्षिक ‘गुड बिअर गाइड’मधील पब स्थानिक शाखांचे सदस्य निवडतात. ही मंडळी वर्षभर त्याच भागात पीत असतात, बिअरला शून्य ते पाच गुण देतात, आणि पैसे मोजून या यादीत नाव घालता येत नाही. दोन दिवसांसाठी आलेल्या प्रवाशाने दिलेल्या ताऱ्यांपेक्षा मला हा निवाडा कितीतरी अधिक विश्वासार्ह वाटतो. दाराशी ‘कास्क मार्क’ या बिअरचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेची पाटी असेल, तर तिच्या तपासनीसांनी बिअरचे तापमान, रूप, वास आणि चव पारखलेली असते.

दर्शनी भागावरून पब नाकारूही नये. २००५ मध्ये केंट परगण्यातील हर्न गावी खाटकाच्या जुन्या दुकानात ‘बुचर्स आर्म्स’ हा पहिला मायक्रोपब, म्हणजे अगदी छोटा पब, सुरू झाला. त्यानंतर अशा लहान गाळ्यांत कित्येक पब निघाले असून काही ठिकाणी उत्तम एल मिळते. शेफील्डला तर रेल्वे स्थानकातच ‘शेफील्ड टॅप’ आहे, त्यामुळे बॅगा घेऊन फिरण्याचाही प्रश्न येत नाही.

आत गेल्यावर हातपंपावरचे नावाचे फलक पाहावेत. एखादा फलक उलटा फिरवलेला असेल, तर ती बिअर संपलेली किंवा अजून तयार नसलेली असते. घोटभर चव मागण्यात संकोच बाळगू नये. चांगला पबवाला ती आनंदाने देतो. उत्तरेकडे पंपाच्या तोंडाला बारीक छिद्रांची चकती लावून दाट फेस आणतात, दक्षिणेकडे पेला बराचसा सपाट दिसतो, आणि दोन्ही पद्धती योग्यच आहेत. व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर मात्र पेला नम्रपणे परत करावा. अर्धा पाइंट (पाइंट हे बिअरचे तिथले माप) मागणेही तिथे रूढ आहे, त्यामुळे एकाच ठिकाणी दोन-तीन प्रकार चाखता येतात.

आपल्या पुरवणीत यापुढे एखाद्या पबचे नाव छापताना तिथे कोणती एल प्यायली आणि ती कशा अवस्थेत होती, एवढे तरी लेखकाने नोंदवावे, ही विनंती.

– एक वाचक, विलेपार्ले (पूर्व), मुंबई