नेट चालू, पान बंद

ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

लॅपटॉपवर वायफायची खूण नीट दिसते, कुठे फुली नाही, तरी ब्राउझरमध्ये एकही पान उघडत नाही, असा तुमचा निरोप मिळाला. फोनवर एकेक बटण सांगत बसलं की दोन्हीकडे गोंधळ होतो, म्हणून ओळीने लिहून पाठवतो. हे शेजारी ठेवा आणि वरून खाली जा. जिथे पान उघडेल तिथे थांबा, पुढचं काही करायची गरज नाही.

आधी एक विनंती. ब्राउझर काढून पुन्हा टाकू नका. हा सल्ला जो तो देतो आणि तो क्वचितच लागू पडतो. ब्राउझर काढला तरी त्यातला प्रोफाइलचा फोल्डर, म्हणजे बुकमार्क, एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेली छोटी सॉफ्टवेअर), जुन्या सेटिंग, बहुधा जागेवरच राहतो. शिवाय प्रॉक्सी, डीएनएस (हे काय ते पुढे सांगतो), घड्याळ या गोष्टी विंडोजच्या. ब्राउझर गेला काय नि आला काय, त्यांना सोयरसुतक नसतं. तासभर जातो आणि नव्या ब्राउझरमध्ये तोच एरर पुन्हा समोर येतो.

वायफायच्या खुणेवरही फार विसंबू नका. ती खूण ठरवताना विंडोज मायक्रोसॉफ्टच्या एका पत्त्यावरून इवलीशी फाइल मागवतं. ‘मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट’ एवढाच तिच्यातला मजकूर. तो आला की विंडोजच्या लेखी नेट चालू. पण ही फाइल साध्या एचटीटीपीवरून येते, आणि आपण उघडतो ती जवळपास सगळी पानं एचटीटीपीएसवरची, म्हणजे साइटचं प्रमाणपत्र, तिची ओळख पटवणारा दाखला, तपासून उघडणारी. प्रमाणपत्राची भानगड असेल तर त्या खुणेला तिचा पत्ताच नसतो.

आता तपासणी. तेच पान फोनवर उघडा, पण त्याआधी फोनचा मोबाइल डेटा बंद करा. इथे हमखास फसगत होते: वायफाय अडलं की फोन गुपचूप डेटावर जातो आणि आपण म्हणतो, फोनवर तर चालतंय! डेटा बंद करूनही फोनवर पान उघडलं, तर आत्ता राउटरला हात लावू नका, दोष बहुधा लॅपटॉपमध्येच आहे. फोनवरही अडलं, तर राउटरचा प्लग काढा, ३० सेकंद थांबा, परत लावा आणि दिवे स्थिर व्हायला दोन-तीन मिनिटं द्या. त्यानंतरही तसंच राहिलं तर नेट देणाऱ्यांना फोन करायचा, बाकीचं पत्र वाचायचं कारण नाही.

लॅपटॉपवर क्रोमसोबत एज असतंच. दोन्हींत तेच पान उघडून पाहा. एक चालतो आणि एक नाही, तर बिघाड न चालणाऱ्या ब्राउझरचा. दोन्ही अडतात, तर बिघाड विंडोजमध्ये किंवा अँटिव्हायरसमध्ये.

मग एररचं पान नीट वाचा. मोठ्या अक्षरांतलं वाक्य कामाचं नसतं. त्याच्या खाली बारीक, करड्या रंगात, इंग्रजी कॅपिटल अक्षरांत एक ओळ असते, खरं निदान तिथे आहे. त्या ओळीत ‘सर्ट’ आणि ‘डेट’ हे शब्द असतील तर घड्याळ बघा. ‘प्रॉक्सी’ असेल तर प्रॉक्सी. ‘डीएनएस’ किंवा ‘नेम नॉट रिझॉल्व्ह्ड’ असेल तर डीएनएस. ‘टाइम्ड आउट’ हा सगळ्यांत मोघम एरर, त्याचं शेवटी सांगतो.

घड्याळ म्हणजे नुसती वेळ नाही, तारीख आणि साल सुद्धा. प्रत्येक वेबसाइटच्या प्रमाणपत्रावर ‘या दिवसापासून या दिवसापर्यंत’ अशी मुदत असते. २०२० मध्ये ब्राउझरांनी नव्या प्रमाणपत्राची कमाल मुदत ३९८ दिवसांवर आणली, आणि कित्येक साइटची प्रमाणपत्रं तर ९० दिवसांचीच असतात. लॅपटॉप दोन-चार वर्षं मागे गेला, की त्याच्या हिशेबाने आजचं प्रत्येक प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नसतं. तो बिचारा सगळ्यांनाच दारात अडवतो. सेटिंगमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’, त्यात ‘डेट अँड टाइम’. आधी टाइम झोन बरोबर आहे का ते बघा. काटे बरोबर आणि झोन चुकीचा असेल, तरी आतला हिशेब काही तासांनी चुकतोच. मग ‘सेट टाइम ऑटोमॅटिकली’ चालू करून ‘सिंक नाऊ’ दाबा. फरक वर्षांचा असेल तर सिंक कधी कधी होत नाही. अशा वेळी तारीख आधी हाताने बरोबर करायची आणि मग सिंक. प्लग काढून ठेवल्यावर दर वेळी तारीख मागे पळत असेल, तर आतली छोटी बॅटरी संपली असं समजा. डेस्कटॉपमध्ये ती बहुधा सीआर २०३२ असते, ३ व्होल्टची, नाण्यासारखी. लॅपटॉपची मात्र स्वतः उघडायला जाऊ नका.

प्रॉक्सी हा माझ्या मते सगळ्यांत मोठा संशयित, कारण तो कुणाच्या लक्षातच येत नाही. प्रॉक्सी म्हणजे मधला माणूस: ब्राउझर पान थेट न मागता त्याच्याकडे मागतो. एखादं व्हीपीएन (नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे वळवणारं सॉफ्टवेअर), फुकटचं ‘नेट वेगवान करणारं’ सॉफ्टवेअर किंवा चक्क व्हायरस विंडोजमध्ये स्वतःचा प्रॉक्सी नोंदवून ठेवतो. पुढे ते सॉफ्टवेअर आपण काढून टाकतो, नोंद मात्र तशीच राहते. ब्राउझर आता जागेवर नसलेल्या माणसाला हाका मारत बसतो. क्रोम आणि एज दोघंही विंडोजचीच प्रॉक्सी वापरतात, म्हणून दोघंही एकदम आडवे होतात.

सेटिंगमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, तिथे ‘प्रॉक्सी’. ‘यूज अ प्रॉक्सी सर्व्हर’ बंद हवं. ‘यूज सेटअप स्क्रिप्ट’ तेही बंद. ‘ऑटोमॅटिकली डिटेक्ट सेटिंग्ज’ चालू राहिलं तरी चालतं. पत्त्याच्या जागी १२७.०.०.१ आणि पोर्ट ८०८० असं काही दिसलं तर चोर सापडला. १२७.०.०.१ म्हणजे हाच लॅपटॉप, म्हणजे लॅपटॉप स्वतःलाच पान मागत होता. बंद केल्यावर लॅपटॉप रीस्टार्ट करून तेच पान पुन्हा बघा. खटका आपोआप परत चालू झाला असेल, तर कुठलं तरी सॉफ्टवेअर अजून आत बसलंय. तेव्हा विंडोज सिक्युरिटीमधून ‘फुल स्कॅन’ लावायचं. फायरफॉक्स वापरत असाल तर त्याची प्रॉक्सीची जागा वेगळी: त्याच्याच सेटिंगच्या ‘जनरल’मध्ये अगदी तळाशी ‘नेटवर्क सेटिंग्ज’.

आता डीएनएस. साइटचं नाव आपल्यासाठी, यंत्राला लागतो आकडा. नावावरून आकडा काढून देणारी वही म्हणजे डीएनएस. ती बंद पडली का, हे दोन ओळींत कळतं. स्टार्टमध्ये सीएमडी ही तीन अक्षरं टाइप करून एंटर दाबा, काळी खिडकी उघडेल. त्यात इंग्रजीत पिंग (म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का ते बघणं), एक स्पेस, आणि १.१.१.१ टाइप करून एंटर दाबा. आकडेही इंग्रजीच. ‘रिप्लाय फ्रॉम’ अशा चार ओळी आल्या तर रस्ता मोकळा आहे. आता पिंग आणि पुढे एखाद्या साइटचं नाव टाका. ‘कुड नॉट फाइंड होस्ट’ आलं, तर वही बंद आहे. पहिल्याच ओळीत नावापुढे चौकटी कंसात आकडा आला, तर वही ठीक. मग खाली ‘टाइम्ड आउट’ आलं तरी घाबरू नका, काही साइट पिंगला मुद्दामच उत्तर देत नाहीत. एक लक्षात घ्या: पिंग प्रॉक्सीच्या वाटेला जात नाही. म्हणून पिंग उत्तम आणि ब्राउझर ठप्प, अशी जोडी दिसली की संशय पुन्हा प्रॉक्सीवर.

वही बंद निघाली, तर त्याच काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग, मग स्पेस, मग स्लॅश आणि त्याला चिकटून फ्लशडीएनएस. याने जुन्या नोंदी पुसल्या जातात. तेवढ्याने भागलं नाही तर सेटिंगमध्ये वायफायच्या ‘हार्डवेअर प्रॉपर्टीज’मध्ये ‘डीएनएस सर्व्हर असाइनमेंट’ आहे. तिथे ‘एडिट’, मग ‘मॅन्युअल’, आयपीव्ही४ चालू करून पहिल्या रकान्यात १.१.१.१ आणि दुसऱ्यात ८.८.८.८ भरा. पहिला क्लाउडफ्लेअरचा, दुसरा गूगलचा, दोन्ही फुकट.

ब्राउझरची स्वतःची वहीसुद्धा असू शकते. क्रोमच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘सिक्युरिटी’, तिथे ‘यूज सिक्युअर डीएनएस’. तिथे कुणी हाताने एखादी सेवा निवडून ठेवली असेल आणि ती पोचत नसेल, तर पिंगला नाव सापडतं, क्रोमला नाही. ते तात्पुरतं बंद करून बघा. फायरफॉक्समध्ये याचीच ‘मॅक्स प्रोटेक्शन’ ही पातळी फार हट्टी आहे: तिची वही मिळाली नाही तर आपोआप विंडोजची वही ती वापरत नाही.

एकच ब्राउझर अडला असेल, तर हे सगळं सोडून कंट्रोल, शिफ्ट आणि एन एकदम दाबा. क्रोममध्ये इन्कॉग्निटो खिडकी उघडते, आणि तिथे एक्स्टेन्शन आपण परवानगी दिल्याशिवाय चालत नाहीत. तिथे पान उघडलं, तर दोष एक्स्टेन्शनचा किंवा साठलेल्या कुकीचा (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदीचा). एक्स्टेन्शन एकेक करून बंद करा, जाहिराती अडवणाऱ्यापासून सुरुवात करा. लॅपटॉप विंडोज ७ किंवा ८.१ चा असेल तर क्रोम १०९ नंतर पुढे जातच नाही, २०२३ पासून. त्यावर काही साइट अडणारच, सेटिंग कितीही चाळल्या तरी.

आता ‘टाइम्ड आउट’. छोटी पानं उघडतात आणि जड पानं अर्ध्यात लटकतात, अशी लक्षणं असतील तर पाकिटाचा, म्हणजे नेटवरून माहिती ज्या तुकड्यांत जाते त्यांचा, आकार बघायचा. साधं पिंग फक्त ३२ बाइट पाठवतं, त्यामुळे ते नेहमीच पास होतं. काळ्या खिडकीत पिंग १.१.१.१ लिहून पुढे स्पेस, डॅश एफ, स्पेस, डॅश एल, स्पेस, १४७२ टाका. वर २८ बाइटचं वेष्टण लागून ते १५०० होतात. हे ‘टाइम्ड आउट’ झालं आणि १४७२ च्या जागी १४६४ टाकल्यावर उत्तर आलं, तर वाटेत १४९२ ची मर्यादा आहे आणि मोठी पाकिटं कुणीतरी न कळवताच टाकून देतंय. पीपीपीओई प्रकारच्या (राउटर यूजरनेम-पासवर्ड देऊन नेटला जोडतो त्या) जोडणीत ८ बाइट तिच्याच कामात जातात, म्हणून हा आकडा. राउटरच्या सेटिंगमधल्या वॅन (बाहेरच्या नेटच्या) पानावर ‘एमटीयू’च्या, म्हणजे पाकिटाच्या कमाल आकाराच्या, रकान्यात १४९२ भरायचं.

आकार ठीक निघाला तर अँटिव्हायरसचं ‘वेब शील्ड’ किंवा ‘एचटीटीपीएस स्कॅनिंग’ दहा मिनिटं बंद ठेवून बघा. मुदत संपलेला अँटिव्हायरस याबाबतीत फार त्रास देतो. तपासून झालं की परत चालू करायला विसरू नका.

‘नेटवर्क रीसेट’ सगळ्यांत शेवटी. त्याने सेव्ह केलेले वायफायचे पासवर्ड जातात, व्हीपीएन पुन्हा टाकावं लागतं, आणि आत्तापर्यंतचे सगळे पुरावेही पुसले जातात. तिथवर आलात तर दाबण्याआधी मला तीन फोटो पाठवा: एररमधली ती बारीक ओळ, प्रॉक्सीचं पान आणि दोन्ही पिंग दिसतील अशी काळी खिडकी. स्क्रीनवर चमक येऊ देऊ नका, मागच्या वेळच्या फोटोत अक्षरांपेक्षा ट्यूबलाइटच जास्त दिसत होती. वायफायचा पासवर्ड मात्र आत्ताच कुठेतरी लिहून ठेवा.

आईला नमस्कार सांगा.

तुमचा,
धाकटा